टपालयानाचा नववा डबा

डबा पहिला. चित्र स्वच्छ. वास नाही.

पहिली भेट झाली तेव्हा तिचं नाक एका पत्र्याच्या डब्यात होतं.

डोळे मिटलेले, केस पुढे आलेले, एका हातात झाकण. तिने मान वर केली तर दारात एक अनोळखी तरुण उभा. गळ्यात हेडफोन आणि चेहऱ्यावर काळजी.

“पाणी आणू का?”

“कशाला?”

“चक्कर आलीय ना तुम्हाला?”

“वास घेतेय.”

“डब्याचा?”

“मग काय तुमचा घेऊ?”

बोलून गेली आणि जीभ चावली. तो मात्र गंभीरपणे स्वतःची बाही हुंगून म्हणाला, “नका घेऊ. आज बसमध्ये फार गर्दी होती.”

जुन्या चित्रफितींचं ते भांडार. फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, आणि एक डबा कुजला की शेजारचे दहा कुजतात. त्यामुळे तिथला नियम कडक होता. वास आला की कार्डावर लाल शेरा, डबा लांबच्या खोलीत, आणि गुरुवारच्या गाडीने नष्ट करायला कायमचा बाहेर. वास आहे की नाही हे ठरवायची ती. सात वर्षांत तिचं एकही कार्ड कुणी पुन्हा तपासलं नव्हतं. सगळे तिला ‘नाक’च म्हणत, आणि भांडाराच्या मॅडम तर अभिमानाने म्हणत, “नाक म्हणालं ना? मग संपलं.”

तो आवाजवाला. तीन महिन्यांच्या करारावर जुने आवाज दुरुस्त करायला आलेला. आधीची कामं उरकून आता त्याच्याकडे शेवटचं काम आलं होतं, चाळीस वर्षांपूर्वीची एक मालिका, ‘टपालयान’. त्या काळी चित्र एका रिळावर आणि आवाज दुसऱ्या रिळावर असे. चित्राचे डबे तिच्या खोलीत, आवाजाचे व्हरांड्यापलीकडे त्याच्या खोलीत. ती पाहणार, पण ऐकू येणार नाही. तो ऐकणार, पण दिसणार काही नाही.

अशी वाटणी देवानेसुद्धा केली नसती.

डबा दुसरा. चार ठिकाणी जोड. वास नाही.

पहिला भाग तिने हसत हसत पाहिला होता. अंतराळयान पुठ्ठ्याचं आणि त्याला बांधलेली दोरी चक्क दिसतेय. यंत्रमानव म्हणजे उलटी बादली. आणि नायिका कोण? पन्नाशीची, जाडसर, चष्मेवाली टपालबाई. खांद्याला पिशवी लावून ग्रहाग्रहांवर पत्रं वाटणारी. अंतरं इतकी लांब की पत्र पोचेपर्यंत चाळीस वर्षं उलटलेली.

दुसऱ्या भागात तिचं हसू कुठे गेलं ते तिलाच कळलं नाही. एकच्या ठोक्याला, हातातला जेवणाचा डबा तसाच घेऊन ती व्हरांडा ओलांडून गेली.

“ती त्या म्हाताऱ्याला काय म्हणाली?”

“कोण ती?”

“टपालबाई हो! ती पत्र देते, तो उघडत नाही, मग ती त्याच्या शेजारी बसते...”

त्याने हेडफोन काढले. “शेजारी बसते? मला नुसती खुर्ची करकरलेली ऐकू आली. मला वाटलं, निघून गेली.”

“जात नाही. बसते. त्याच्या खांद्यावर हात ठेवते.”

“अरे देवा...” त्याने हेडफोन टेबलावर ठेवले. मग घसा खाकरून, जाड, भारदस्त आवाज काढून म्हणाला, “‘इतकी वर्षं थांबलात, आता घाई नका करू. मी आहे इथे.’”

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याच्याही. दोघांनी एकमेकांचे हात पाहिले आणि दोघंही एकदम जेवायला लागले, जणू काही झालंच नाही.

डबा तिसरा. सापडला नाही.

ना चित्र, ना आवाज. तरी ती एक वाजता गेली.

“आज ऊन आहे.”

“हो. आहे.”

“काल नव्हतं.”

“नव्हतं.”

त्याने पोळी संपवली. तिने भात संपवला. घड्याळात सव्वा वाजला होता. परत जाताना तिच्या मनात एक काटा रुतला तो रुतलाच. टपालबाई नसेल तर आपल्यात बोलण्यासारखं काही नाहीच की काय?

डबे चौथा ते आठवा. एकालाही वास नाही.

हे पाच डबे सरळ सांगता येणार नाहीत. कारण तिलाही ते क्रमाने आठवत नाहीत.

चौथ्यात की पाचव्यात, बादलीतला यंत्रमानव लाजतो. तिने तो लाजताना कसा वळतो ते करून दाखवलं. त्याच वेळी मॅडम दारातून गेल्या आणि थांबून म्हणाल्या, “कंबर धरली का गं?”

पाचव्यात बर्फाचं वादळ होतं. वादळ म्हणजे साबणाचा चुरा होता हे तिला दिसलं होतं. तिने सांगितलं नाही. तो वाऱ्याचा आवाज सांगताना डोळे मिटून घ्यायचा, आणि मिटलेल्या डोळ्यांकडे कितीही वेळ पाहता येतं...

सहाव्यात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. कुणी केलं, ते दोघंही एकमेकांवर ढकलतात.

“तुला माहितीय,” सातव्याला तो म्हणाला, “हिचे सव्वीस भाग होणार होते. नवव्यानंतर बंद पाडली. ती वेळ खेळाच्या सामन्यांना दिली म्हणे.”

“कुणी बोललं नाही?”

“अकरा पत्रं आली. फाइलमध्ये आहेत.”

“फक्त अकरा!” तिला इतका राग आला की तिने चमचा आपटला. “मी तेव्हा जन्मले असते ना, तर एकटीने शंभर लिहिली असती.”

“दाखव बरं असं रागावून परत.”

“का?”

“उगाच... छान दिसतं.”

घरी धाकट्या बहिणीने बरोबर ओळखलं. “ताई, तू हल्ली पत्र्याच्या डब्याला कुंकू लावशील असं वाटतंय. डबा आवडतोय की डबेवाला?”

“आवाजवाला आहे तो,” ती म्हणाली, आणि पकडली गेली.

आठव्या डब्याच्या दिवशी त्याने डबा पुसून ठेवताना सहज सांगितलं, “आता एकच राहिला. मग मी मोकळा. शनिवारी निघतो. दुसऱ्या शहरात रेडिओ केंद्रावर काम मिळालंय.”

मोकळा. किती आनंदाने म्हणाला!

ती ‘अरे वा’ म्हणाली. उरलेली पोळी तिने तशीच डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

डबा नववा. वास येतो.

तिने झाकण उघडलं. नाक नेलं. थंड लोखंड, जुनी धूळ... बाकी काही नाही. फिल्म ठणठणीत.

तिने लाल पेन घेतलं.

त्या घडीला तिला डबा नष्ट होईल असं वाटलंच नाही. तिला इतकंच वाटलं, की हा भाग आपण पाहिला नाही तर तो संपणार नाही. आणि भाग संपला नाही तर एक ते दोन ही वेळही संपणार नाही. सात वर्षं खरं बोललेल्या माणसाला खोटं किती सोपं जातं! दोन शब्द लिहिले, खाली सही केली. मॅडमनी न वाचताच शिक्का मारला.

“गेला?” आवाजवाल्याचा चेहरा उतरला. “संपूर्ण?”

“हो.”

“पण शेवटी... ऐक. टपालबाईला स्वतःच्या नावाचं पत्र येतं. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाटली, हे पहिलं तिचं. कागद उलगडल्याचा आवाज येतो. मग चाळीस सेकंद नुसता श्वास. आणि मग ती एवढंच म्हणते, ‘बरं.’” त्याने तिच्याकडे पाहिलं. “त्या चाळीस सेकंदांत तिच्या चेहऱ्यावर काय होतं? हे मला कोण सांगणार आता?”

ती टेबलाकडे पाहत राहिली.

गुरुवारी सकाळी तो म्हणाला, “गाडी यायच्या आत एकदा बघायचाय. कुजलेला तर कुजलेला. निदान निरोप तरी देऊ.”

लांबच्या खोलीत लाल शेऱ्याचे डबे मांडलेले. त्याने नववा उघडला, वाकला, हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग नाक चोळत ओशाळून म्हणाला,

“माझं नाक चोंदलंय बहुतेक. मला काहीच येत नाहीये.”

तिला वाटलं होतं तो संशय घेईल, रागावेल. त्यावर उत्तरंही तयार होती. पण स्वतःच्या नाकावर अविश्वास दाखवून तो तिच्यावर विश्वास ठेवेल... हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

“नाक चोंदलं नाहीये तुझं.”

“मग?”

“वास नाहीच आहे. मी खोटं लिहिलं.”

तो सरळ उभा राहिला. “का?”

“संपू नये म्हणून.”

“मालिका?”

“नाही...” तिचा आवाज इतका बारीक झाला की त्यालाच ऐकू आला असता. “जेवणाची सुट्टी.”

खोलीत पंखा घरघरत होता. त्याने झाकण हळूच लावलं.

“मी आज या डब्यासमोर हात जोडणार होतो,” तो म्हणाला. “चाळीस वर्षांपूर्वी अकरा लोकांनी पत्रं लिहिली. आणि तू... तू लाल पेन घेतलंस. मला नुसतं सांगायचं होतंस गं.”

तो निघून गेला. गाडी यायला अर्धा तास होता.

ती मॅडमच्या खोलीत गेली, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. का, तेही सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तरी समोर तीच उभी होती.

“सात वर्षं मी डोळे मिटून शिक्के मारले,” त्या म्हणाल्या. “स्वतःचं नाक स्वतःच कापून घेतलंस की गं. आता तुझी सगळी कार्डं पुन्हा तपासायची. एकेक डबा, दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून. आणि यापुढे तुझ्या एकटीच्या सहीवर काहीही बाहेर जाणार नाही. कळलं?”

“हो, मॅडम.”

“मग उभी काय राहिलीस? गाडी यायच्या आत तो डबा तिथून उचल!”

तोच डबा. चित्र आणि आवाज, एकत्र.

शुक्रवारी टेबलावर दोन रिळं शेजारी शेजारी चढली. आवाजवाला आला. ‘काम आहे म्हणून आलोय’ असा चेहरा करून आला. चित्रीकरणाच्या सुरुवातीला आपटतात ती पाटी चित्रात मिटते ती चौकट आणि तिचाच आवाजातला ठोका त्याने जुळवला, आणि कळ दाबली.

टपालबाई बोलली.

ऐकताच टेबलापाशी बसलेली ती दचकली. आवाज केवढा बारीक! शाळेतल्या मुलीसारखा किणकिणता. महिनाभर हा माणूस तिला ढोलासारखा आवाज काढून दाखवत होता! तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे डोळे विस्फारून पाहत होता.

“ही?” तो पुटपुटला. “ही एवढी बुटकी?”

“जाडसर म्हणाले होते मी. उंच कधी म्हणाले?”

“आणि तो वाकडा चष्मा?”

“तुझा तो ढोल काय होता?”

दोघांनाही हसू फुटलं, आणि दोघांनीही ते लगेच गिळलं. कारण कागद उलगडला होता.

चाळीस सेकंद. टपालबाई वाचते. ओठ हलत नाहीत. एकदा पत्र दूर धरते, एकदा जवळ आणते. मग मान वर करून थेट समोर पाहते, तुमच्या आमच्याकडे, जणू विचारतेय की हे खरंच माझं आहे ना? आणि घडी घालते.

“बरं.”

मग काळं. पत्रात काय होतं ते कुणालाच कळलं नाही. आता कधी कळणारही नाही.

“मला वाटलं होतं रडते,” तो म्हणाला.

“नाही रडत.”

“हसतही नाही.”

“नाही.”

त्याने रीळ गुंडाळलं, हेडफोन पिशवीत भरले. दारात थांबला. “तिथेही जेवणाची सुट्टी एक ते दोनच असते,” तो म्हणाला आणि गेला.

ही माफी होती की वेळापत्रक, ते तिला कळेना.

सोमवार. एक वाजता. डबा नाही.

फोन वाजला. तिने एका झटक्यात उचलला आणि मग काय बोलावं ते सुचेना. टपालबाई तर संपली होती.

“राग आहे अजून?” तिने सरळ विचारलं.

“आहे.”

“किती?”

“थोडा. बसमध्ये सात तास टिकला. मग झोप लागली.”

“मग फोन कशाला केलास?”

“राग सांगायलाही कुणीतरी लागतं ना. इथे कुणाला सांगू? इथले साहेब सगळ्यांना ‘बाळ’ म्हणतात. साठ वर्षांच्या शिपायालासुद्धा.”

ती हसली. तो म्हणाला, खोलीची खिडकी उघडली की समोर भिंत येते, त्या भिंतीवर कुणीतरी खिडकी रंगवलीय. तिने सांगितलं, दुसरं नाक म्हणून मॅडम स्वतःच शेजारी बसल्यात, आणि त्यांना जन्मापासून सर्दी आहे. मग तो त्याच्या आईबद्दल बोलला. मग ती, लहानपणी आपल्याला नकटी म्हणून चिडवायचे त्याबद्दल. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. घड्याळाकडे पाहिलं तर दोन वाजून सात मिनिटं. जेवण तसंच झाकलेलं.

“सुट्टी संपली माझी,” ती म्हणाली.

“माझी पण.”

कुणीच फोन ठेवला नाही.

“एक सांगायचं होतं...” तो अडखळला.

“कुठल्या भागातलं?”

“कुठल्याच नाही. हे माझंच आहे.” त्याचा श्वास ऐकू येत होता. “मला तू आवडतेस. लगेच काही म्हणायला हवं असं नाही. विचार कर, सावकाश...”

“सावकाश नको,” ती म्हणाली. “मलाही तू आवडतोस. खूप. आणि खोटं सांगत नाहीये. हवं तर दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून तपासून घे.”

पलीकडून तो असा हसला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. तेवढ्यात तिची नजर दाराकडे गेली. हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन मॅडम उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे. त्यांनी एकदा नाक ओढलं आणि बाहेरून दार हळूच ओढून घेतलं.