पाचवा आकडा

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी लेक आणि तिचे बाबा, दोघांनाही आकड्यांच्या मालिकांचं भलतंच वेड. स्वयंपाकघराच्या खिडकीशी हातभर फळा होता. सकाळी बाबा त्यावर चार आकडे लिहायचे आणि चहा संपायच्या आत तिने पाचवा लिहायचा. चुकली, की बाबा त्या आकड्याभोवती गोल काढायचे. मग शिक्षा म्हणून पुढची मालिका तिच्यावरच रचलेली असे. कधी तिच्या चपलेचा नंबर, कधी गणितात पडलेले मार्क! ती चिडायची, आई हसून हसून बेजार व्हायची.

बाबा गेले आणि फळा कोरा राहिला. आईने तर अंथरूणच धरलं. आता घरात तिचं म्हणून एवढं एकच माणूस उरलं होतं.

एका सकाळी फळ्यावर आकडे दिसले. ७२, ७१, ६९, ६६. बाबांचा तो डावीकडे कललेला सात. आईला तपासायला रोज घरी येणाऱ्या सिस्टरने गंमत केली असेल, असं तिने मनाशी म्हटलं. सोपी होती मालिका. एक, दोन, तीन वजा, म्हणजे आता चार. सवयीने हात गेला आणि तिने ६२ लिहिलं.

थोड्या वेळाने सिस्टर आल्या. आईचं मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिल्या.

"बासष्ट. रोज उतरतायत हो ठोके, ताई. काल सहासष्ट होते."

"फळ्यावर तुम्ही लिहिलंत का?"

"कुठला फळा?"

दुसऱ्या दिवशी ती फळ्याकडे फिरकायचीच नव्हती. पण चहा ओतता ओतता हिशेब मनात होऊनच गेला, आणि कप खाली ठेवला तेव्हा ५७ लिहिलेलं होतं. बोटांना खडू लागला होता. सिस्टर सत्तावन्नच म्हणाल्या. आईचे ओठ निळसर दिसत होते.

तिसऱ्या सकाळी तिने खडू घट्ट धरला. उत्तर येत होतं, अगदी जिभेवर होतं. तिने जन्मात पहिल्यांदा मुद्दाम चूक केली. ७२ लिहिलं.

आतून आईची हाक आली. कितीतरी दिवसांनी खणखणीत.

"अगं, चहा देतेस का जरा?"

आई उशीला टेकून बसली होती. गालांवर रंग होता. लेकीला रडू आवरेना.

"रडतेस काय वेडे? तुझे बाबा पण आत्ता इथे बसून हसत होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरगी चुकली."

ती धावत फळ्याशी गेली. ७२ भोवती गोल होता. खाली नवी मालिका. ८०, ७९, ७७. चौथ्या आकड्याची जागा मोकळी.

सिस्टर आल्या त्या आईला बघून हरखल्याच. "बहात्तर! कमाल झाली!" मग लेकीकडे वळल्या. "तुम्ही का अशा पांढऱ्याफटक? बसा इथे. द्या हात."

तिने हात दिला. सिस्टरांचे ओठ हलत राहिले.

"चौऱ्याहत्तर. ठीक आहे की."

तिघी एकाच खोलीत होत्या. स्वयंपाकघरात फळ्यावर खडू टेकल्याचा आवाज झाला.