कस्तुरी, मीडियम साइज

"कुणाकडं जादा कस्तुरी हाय काय रे? मीडियम?"

तंबूच्या आतून हाक आली. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत चहा पीत बसलेल्या कस्तुरी चौगुलेनं कप खाली ठेवला. दोन वर्षं झाली तरी हे ऐकायची तिला सवय लागली नव्हती. आत कुणीतरी म्हणालं, "माझी घे. पण कालची हाय, धुतल्याली न्हाई," आणि पाठोपाठ ओलं कापड अंगावर ओढल्याचा आवाज आला.

वाळूवरच्या मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोटारसायकलींच्या शर्यतींत, कस्तुरीनं विजेतेपद इतकी वर्षं धरून ठेवलं होतं, की ती निवृत्त झाली तेव्हा बाकीच्या स्वारांनी पेढे वाटले, असं कोल्हापुरात गमतीनं सांगत. निवृत्तीनंतर एका कंपनीनं तिच्या अंगावर तारा लावून तिला महिनाभर वाळूत गाडी चालवायला लावली, तिच्या स्नायूंतले बारीक विद्युतसंदेश टिपले आणि ते लांब बाह्यांच्या एका बनियनमध्ये भरले. या टिपणाला कंपनी 'गतिठसा' म्हणायची. बनियनलाही कंपनीचं एक भारदस्त नाव होतं, पण स्वार तिला नुसतं 'कस्तुरी' म्हणत. स्मॉल कस्तुरी, लार्ज कस्तुरी, काखेत उसवलेली कस्तुरी. विजेचा स्पर्श कातडीला नीट व्हावा म्हणून तिच्या आतून एक चिकट थर असायचा आणि त्यात घाम मुरला की नासलेल्या दुधासारखा वास सुटायचा. तो वास आला की कस्तुरी लांब सरकायची. आपलंच नाव घेऊन कुणीतरी आंबतंय, असं तिला वाटायचं.

शर्यत सुरू झाली. ट्रॅक नदीच्या कोरड्या पात्रात आखलेला होता आणि वाळू घोट्यापर्यंत मऊ होती. मातीच्या ट्रॅकवर पडलेली चाकोरी पुढच्या फेरीलाही तिथंच सापडते. वाळूत ती सापडत नाही. गेल्या फेरीला जिथं सपाट होतं तिथं आता खड्डा असतो, आणि त्यात गेलं की पुढचं चाक डगमगू लागतं. अशा वेळी कुणीही शहाणा माणूस घाबरून रेस कमी करतो. रेस कमी झाली की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, चाक रुततं आणि माणूस हँडलवरून पलीकडे जाऊन पडतो. कस्तुरी नेमकं उलटं करायची. चाक डगमगलं की कंबर मागं टाकायची, कोपर सैल सोडायची आणि मूठ पिळून रेस वाढवायची. मग पुढचं चाक हलकं होऊन वाळूवरून तरंगत जायचं. भीती वाटली की वेग वाढवायचा, एवढं शिकण्यात तिची उमेदीची वर्षं आणि गळ्याजवळचं एक हाड खर्ची पडलं होतं. बनियन तेच काम तीन महिन्यांत करायची. घालणाऱ्याच्या छातीत धडधडलं, घाम फुटला, की ती खांद्यापासून मनगटापर्यंत हलका झटका द्यायची आणि मनगट आपसूक वळायचं.

उंचवट्यांच्या ओळीपाशी सगळे स्वार एकामागोमाग आले आणि एकजात सगळ्यांचा डावा कोपर खाली पडला. त्या कोपराचा वाळूशी काही संबंध नव्हता. कस्तुरीचं हाड वाकडं जुळलं होतं आणि धक्का बसायच्या आधी ते दुखू नये म्हणून ती कोपर पाडायची, इतकंच. यांची हाडं धडधाकट होती, तरी कोपर पडत होता. सगळ्यांचा खालचा जबडाही तिच्यासारखाच पुढं आला होता. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही. कस्तुरीला ती एकाच वेळी पंधरा जणांवर दिसत होती. दुसऱ्याच्या ताटात आपला केस निघावा तशी तिला शिसारी आली आणि तिनं मान फिरवली.

रणधीर पहिला आला. तिचा धाकटा भाऊ, दोन वर्षं ही बनियन घालून एकामागून एक शर्यती जिंकत सुटलेला. हेल्मेट काढून तो तिच्याकडं आला आणि तोंडातली वाळू डाव्या बाजूला थुंकला. थुंकायची तीही तऱ्हा तिचीच.

"ताई, बघितलीस न्हवं? तिसऱ्या वळणाला कसली उचलली."

"बघितली," ती म्हणाली. "बनियन काढ आधी. वास मारतोय."

त्यानं हसत बनियन काढली, शर्ट चढवला आणि स्कूटरला किक मारली. त्याची बायको पूर्वा चार महिन्यांच्या ओवीला घेऊन कमानीपाशी उभी होती, तिला तो आणायला निघाला. पार्किंगमधून तो बाहेर पडतोय तोच झुडपातून एक शेळी रस्त्यावर आली. कस्तुरी सगळं पाहत होती. एखाद्यानं निवांत ब्रेक दाबावा इतकं अंतर होतं. रणधीरची कंबर मागं गेली, डावा कोपर पडला आणि स्कूटरनं एकदम वेग घेतला.

शेळी जागच्या जागी गेली. तिचं पोट फाटलं होतं आणि ऊन चढत होतं, त्यामुळं माश्यांना वेळ लागला नाही. रणधीर पलीकडे खरचटून पडला होता. तो उठून बसला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिला.

"मी ब्रेकच दाबाय गेलतो, ताई," तो म्हणाला. "आईची शपथ. हातानं ऐकलंच न्हाई."

शेळीच्या मालकाची समजूत घातली गेली. बाकीचे स्वार गोळा झाले, पाहून गेले, आणि पुढच्या शर्यतीसाठी परत तंबूत शिरून तीच बनियन अंगात घालू लागले. कस्तुरीनं रणधीरची पडलेली स्कूटर उभी केली.

घरी गेल्यावर तिला दुसरी गोष्ट कळली. पूर्वानं ओवीला त्याच्याकडं द्यायला हात पुढं केले तर तो दोन पावलं मागं सरकला. पूर्वानं ओवीला परत छातीशी धरलं. रणधीरच मग खाली मान घालून म्हणाला, "गेल्या आठवड्यात आंघोळीला घेतलं तवा जराशी घसरली. मी दचकलो आणि मनगट असं उलटं फिरलं. पूर्वानं वरच्या वर झेललं. तवापास्नं मी तिला हात लावत न्हाई."

"आणि तरीबी आज बनियन घालून उतरलास?" कस्तुरीनं विचारलं.

"जिंकतोय की ताई मी," तो म्हणाला. त्याचा तिला राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा, कारण विचारलं असतं तर त्याच्या वयाला तिनंही हेच सांगितलं असतं.

कंपनीचे डॉक्टर श्रीनंद गोगटे दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आले. माणूस तसा वाईट नव्हता. त्यांनी रणधीरचा हात आपुलकीनं तपासला, मनगटावर दोन ठिकाणी सुया टोचल्या, पडद्यावरच्या रेघा पाहिल्या आणि चहात बिस्किट बुडवलं. बिस्किट तुटून चहात पडलं, तर ते बोटानंच काढून त्यांनी खाल्लं.

"ठसा पक्का झालाय," ते म्हणाले. "बनियन नसली तरी मज्जातंतू आता तेच करतात. खरं सांगायचं तर हे आमच्या अपेक्षेपेक्षा लवकर झालं."

त्यांच्या आवाजात किंचित कौतुक होतं. कस्तुरीनं ते ऐकलं.

"डॉक्टर, माझा हात रस्त्यावर असं करत नाही," ती म्हणाली. "मी रोज स्कूटर चालवते. कुत्रं आडवं आलं की ब्रेक लागतो. माझंच जर ह्याच्यात भरलंय, तर माझा ब्रेक कुठं गेला?"

गोगटेंनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "तो आम्ही गाळला."

टिपण करताना कस्तुरी पुष्कळदा पडली होती. कितीतरी फेऱ्यांत तिनं ऐन वेळी रेस सोडली होती, कुठं वाट चुकली म्हणून, कुठं पुढचा स्वार आडवा पडला म्हणून, तर कुठं तिला नुसतंच पटलं नाही म्हणून. त्या सगळ्या फेऱ्या कंपनीनं कचरा म्हणून पुसून टाकल्या होत्या. गिऱ्हाइकाला विजेतीचा हात हवा होता. थांबलेला, चुकलेला, पडलेला हात कोण विकत घेणार? जिंकलेल्या फेऱ्या तेवढ्या ठेवल्या आणि त्यातून असा एक हात तयार झाला, ज्याला भीतीवर एकच उत्तर ठाऊक होतं. कस्तुरीला दोन ठाऊक होती. वाळूत तिच्यात आणि इतरांत जो फरक होता तो मूठ पिळण्यात कधीच नव्हता. कधी पिळायची नाही हे कळण्यात तो होता, आणि तेवढंच नेमकं यांनी केराच्या टोपलीत टाकलं होतं. तिला वाटलं, आपल्याला सोलून साल विकलीय यांनी.

"परत भरता येईल?"

"येईल. पण तुमच्याकडूनच टिपावं लागेल, आणि भीती खरी हवी. नाटक केलेली भीती तंतूंना कळते." गोगटेंनी कप बाजूला सारला. "आमचा पुतळा आहे, तो रस्त्यात आडवा आणता येईल."

कस्तुरीला ती बनियन स्वतःच्या अंगाला लावायची कल्पनाच सहन होईना. पण आतल्या खोलीत ओवी रडत होती आणि रणधीर दाराशी उभा राहून नुसता ऐकत होता. ती हो म्हणाली.

नदीकाठचा जुना डांबरी रस्ता त्यांनी दोन्हीकडून बंद केला. कस्तुरीनं टिपणासाठी तारा जोडलेली बनियन घातली. थंड चिकट थर पाठीला बसला आणि तिच्या अंगावर काटा आला. तिनं मोटारसायकल वेगात आणायची, बाजूला उभ्या केलेल्या टेम्पोआडून पुतळा बाहेर ढकलला जायचा आणि तिनं ब्रेक लावायचा. तिनं लावला, पुन्हा पुन्हा लावला. गोगटे दर वेळी मान हलवत राहिले. तिच्या अंगाला तो पुतळा असल्याचं ठाऊक होतं आणि छाती शांत होती.

"मी येतो आडवा," रणधीर म्हणाला.

कुणी त्याला हो म्हटलं नाही, कुणी अडवलंही नाही. पुढच्या खेपेला टेम्पोआडून तो आला. कस्तुरीचं काळीज तोंडात आलं, रेस तुटली, बोटं ब्रेकवर आवळली आणि चाक त्याच्या गुडघ्यापासून हातभर अलीकडे थांबलं. गाडी तशीच टाकून ती रस्त्याकडेला गेली आणि ओकली. पाठीमागून गोगटे म्हणत होते, "उत्तम, फारच उत्तम. असे बरेच लागतील. ठसा एका वेळेत बसत नाही."

असे बरेच झाले. भाऊ आडवा यायचा, ती थांबायची. आणि मग जे व्हायला नको ते होऊ लागलं. तिला सवय झाली. तो कुठल्या क्षणी येणार, हे हाताला आधीच कळू लागलं. छाती धडधडेनाशी झाली. भावाला चिरडायच्या भीतीचीही सवय होते, हे कळल्यावर तिला स्वतःच्या अंगाची किळस आली. गोगटेंनी पडदा पाहून सुस्कारा सोडला. आतापर्यंतचं पुरेसं नव्हतं.

कस्तुरी पुन्हा रस्त्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. इंजिन चालू होतं, उजव्या हातानं रेस अर्धी पिळून धरली होती. रणधीर टेम्पोकडं न जाता चालत तिच्यापाशी आला. त्याचे ओठ सुकले होते.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ओवीला घिऊन उभा ऱ्हाऊ काय? तू थांबशीलच की. मला म्हाईत हाय."

कस्तुरीनं त्याच्याकडं पाहिलं. त्याचा खालचा जबडा पुढं आला होता. त्या चेहऱ्यावर मुलीला उचलून घ्यायची आस होती आणि त्यासाठी तिलाच चाकापुढं धरायची तयारी होती, आणि तो चेहरा अर्धा तिचाच होता. पालीवर पडलेला हात झटकावा तसा तिचा हात मुठीवरून मागं आला. इंजिन दबकून मंद झालं.

"मिळालं," पलीकडून गोगटे म्हणाले. ते लगबगीनं पडदा घेऊन आले. "हे बघा केवढा चढ आहे. आजवरचा सगळ्यात मोठा. आणि रेस पूर्ण बंद. बाळाला आणायची गरजच नाही कस्तुरीताई, नुसत्या कल्पनेनंच काम झालं. एवढा एक ठसा पुरेल."

रणधीर रस्त्यातच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. "म्हंजे पोरीला आता घेता येईल न्हवं मला?" तो विचारत होता. गोगटे त्याच्या पाठीवर थोपटत हो म्हणाले. तीन महिन्यांत, म्हणाले. कंपनी ही नवी बनियन सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना देईल, असंही म्हणाले.

कस्तुरी आपल्या तळव्याकडं पाहत होती. गाडीची मूठ दोन तऱ्हांनी बंद होते. माणूस ती पुढं वळवून बंद करतो, नाहीतर हात काढून घेतो आणि आतली स्प्रिंग ती बंद करते. पडद्यावर दोन्हींची रेघ एकच येते. छातीची धडधड, तळव्याचा घाम, तेही दोन्हींत सारखंच. घाबरलेला हात धरून ठेवतो आणि किळस आलेला हात सोडून देतो, हे त्या यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आत्ता टिपली गेली ती भीती नव्हती, किळस होती, हे या रस्त्यावर एकट्या तिलाच ठाऊक होतं.

तिनं तोंड उघडलं तर टिपण पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल आणि रणधीर आता आत जाऊन ओवीला घेऊनच येईल. गप्प राहिली तर तो उद्यापासून ही बनियन घालेल, आणि तीन महिन्यांनी न घाबरता मुलीला कडेवर घेईल. एखाद्या दिवशी ती त्याच्या कडेवरून घसरली, तर त्याचा हात काय करेल?