नवरी कोणत्या हाताला बसली?

रुख्माने त्याला ओळखलं ते पायाच्या अंगठ्यावरून.

सिनेमाच्या तंबूत पडद्याच्या खांबापाशी पाण्याचा रांजण होता. मध्यंतरात ती तिथं लोटी बुडवत होती, तेवढ्यात पलीकडून एक हात पुढं आला. "जरा मलेबी द्या," असं कोणीतरी म्हणालं आणि तिची नजर सवयीनं खाली गेली. उजवा पाय, अंगठ्याचं अर्धं नख काळंनिळं. आता तुम्हीच सांगा, साक्षगंधाच्या दिवशी पाटावर मान खाली घालून बसलेल्या मुलीनं पाहायचं तरी काय? नवरदेवाचे पाय. तासभर तिनं तोच अंगठा पाहिला होता. तलावाच्या पाळीवर दगड बसवताना ठेचला, असं कोणी बोललेलं तिनं ऐकलं होतं. तोंड मात्र तिनं पाहिलं नव्हतं. ते आता पाहिलं... आणि लोटीतलं अर्धं पाणी तिच्याच पायावर सांडलं.

भोजराज त्याचं नाव. बोदलकसा तलावाच्या पलीकडच्या अंगाला त्याचं गाव, अलीकडं हिचं. लग्न बैशाखात. तोवर एकमेकांसमोर यायचं नाही, हा रिवाज. पण रिवाज करणाऱ्यांना कुठं ठाऊक होतं की पंचावन्न सालच्या फागुनात, धान मळून घरात आल्यावर, गोंदियाचा मुन्नालाल त्यांच्या बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू ठोकेल म्हणून?

तंबू भारी होता. मधोमध पांढरा पडदा, एका अंगाला पुरुष आणि दुसऱ्या अंगाला बाया. मशीन पुरुषांकडं. खेळाआधी पडद्यावर पाणी मारून तो चिंब करायचे, म्हणजे चित्र कापडातून आरपार बायांकडं उमटायचं. "दोनों तरफ एक ही पिक्चर," असं मुन्नालाल भोंग्यावरून छाती ठोकून सांगायचा. आणि लोक ते खरं मानायचे.

गोष्ट म्हणाल तर साधी. साक्षगंध झालेली जोडी. एक चिठ्ठी भलत्याच्या हाती पडते, रुसवा होतो, सोयरीक मोडायला येते आणि शेवटी बँडबाजा. पहिलं गाणं संपायच्या आत शेवट कळतो. तरी बाजाराच्या दर सोमवारी तंबू भरायचा, आणि रुख्मा तिसऱ्यांदा आली होती. बायांचं एकच दुखणं होतं, तो हिरो डाव्या हातानं जेवायचा. शहरातली माणसं, त्यांचा काय नेम, असं म्हणून धुरपतामावशीनं तेही पोटात घातलं होतं.

ओळख दाखवायची नाही, असं रुख्मानं ठरवलं. त्यानंही दाखवली नाही. पाणी पिऊन तो म्हणाला, "एकच त गोष्ट. साक्षगंध, भांडन, लगन. सारं पयलेच समजते. मंग पाहाले कायले येता तुमी?"

"भात रोजचाच असते," ती म्हणाली, "तरी जेवता ना?"

तो हसला. हसताना त्याचा एक गाल आधी हसायचा, दुसरा मागून यायचा. रुख्माला ते फार आवडलं, आणि आवडलं म्हणून तिला तिचाच राग आला.

"पन भातात भांडन नसते," तो म्हणाला.

"खडा असते. खडा लागल्याबिगर घासाकडं कोनाचं ध्यान जाते?"

 आपण तर नेहमी मध्यंतरालाच घरची वाट धरतो, असं त्यानं कबूल केलं. तेव्हा रुख्माच्या डोक्यात एक गोष्ट आली. आज शेवटपर्यंत बसा, ती म्हणाली, लग्न लागल्यावर नवरी कोणत्या हाताला बसली ते नीट पाहा, आणि पुढच्या सोमवारी इथंच सांगा.

"आनि सांगतलं त?"

"त — पाहू मंग."

यात मेख होती. लग्न लागेपर्यंत नवरी नवऱ्याच्या उजव्या हाताला आणि लागलं की डाव्या हाताला बसते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण या सिनेमात ती उजव्या हाताला बसायची. रुख्मानं तीनदा... म्हणजे दोनदा पाहिलं होतं आणि तिसऱ्यांदा आता पाहणार होती. न पाहता ठोकून देणारा माणूस इथं हमखास पकडला जाणार होता.

आणि तिला पकडायचंच होतं, कारण त्यांच्याच घरी राहणारी धुरपतामावशी. मावशीचा नवरा आठ दिवसांत नागपूरहून येतो असं सांगून गेला, त्याला बारा वर्षं झाली. मावशी म्हणायची, पोरी, तो आधी लहान लहान खोटं बोलायचा, मी हसण्यावारी न्यायची. लहान खोटं बोलणाऱ्याला मोठं बोलायला वेगळी हिंमत लागत नाही. रुख्मा हे ऐकत लहानाची मोठी झाली होती. नवरा काळा असो, गोरा असो, अंगठा फुटका असो... बोलायचा खरा हवा.

तो आठवडा कसा गेला ते तिचं तिला ठाऊक. मोहाची फुलं वेचताना टोपलीत पाला जास्त आणि फुलं कमी. आई ओरडली तर ही आपली हसतेच आहे.

सोमवारी तो तिच्या आधीच रांजणापाशी उभा होता, धुतलेला सदरा घालून.

"डाव्या हाताले," तो म्हणाला. विचारायचीही वाट पाहिली नाही त्यानं. "नवरीच्या डोळ्यात पानी होतं. खोटं कायले बोलू, मलेबी आलं."

 खोटं कायले बोलू म्हणे! तिनं लोटी रांजणात टाकली आणि बायांच्या गर्दीत शिरली. मागून त्यानं "काऊन, काय झालं?" असं विचारलं ते तिनं ऐकलं, पण वळली नाही. त्या दिवशी सिनेमातली नवरी रडली तेव्हा सगळा तंबू रडला. रुख्मा मात्र वेगळ्याच कारणानं रडत होती.

घरी येऊन तिनं बापाला सगळं सांगून टाकलं, हे लग्न मला करायचं नाही. बकाराम पाटाचं पाणी वळवावं तशा धीरानं बोलणारा माणूस, पण त्याचाही आवाज चढला.

"पाच गावची मानसं जेवून गेली. सिनेमातली बाई कोठी बसली म्हनून मी सोयरीक मोडू?"

"बाई कोठीबी बसो, बाबा. तो खोटं बोलला."

 मेहुणीकडं, धुरपताकडं, बकारामनं एकदा पाहिलं, आणि तिच्या नवऱ्याचा बारा वर्षं रिकामा राहिलेला पाट त्यालाही आठवला असावा. येत्या सोमवारपर्यंत विचार कर, तो म्हणाला, मंगळवारी सकाळी मी त्यांना जो असेल तो निरोप धाडीन, मग माघार नाही.

मावशीला काही राहवलं नाही. पाळीवरून चालत ती भोजराजच्या गावी गेली, त्याला सगळं सुनावून संध्याकाळी परत आली. म्हणाली, पोरगा खालमानेनं ऐकत होता. मी पाहिलं तेच सांगितलं, एवढंच बोलला. सोमवारी शेवटचा खेळ आहे, येतो म्हणाला. त्याच्यापुढं ताट वाढलं होतं, ते तसंच राहिलं.

ते ताट रुख्माच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि मग तिला कळलं की आपल्याला जिंकायचंच नाहीये. त्याचं खरं निघावं, आपलं खोटं निघावं, दहा जणांत आपली फजिती व्हावी, पण तो खरा निघावा. असं कधी कोणाला वाटतं का? प्रेमात पडलेल्याला वाटतं. तिनं ते मनातल्या मनात कबूल केलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

शेवटच्या खेळाला तंबू फाटायला आला होता. चिठ्ठी भलत्याच्या हाती पडली, बाया हळहळल्या. सोयरीक मोडायला आली, कोणी पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांना शेवट पाठ होता आणि सगळ्यांनी श्वास धरला होता. बँड वाजला. हार पडले. नवरी बसायला निघाली, आणि रुख्मानं डोळे फाडून पाहिलं...

उजव्या हाताला.

ती तशीच बसून राहिली असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तिच्या मनात आलं, सगळीकडून पाहिलं मी, पुढून, मागून, कोपऱ्यातून. तो बसतो तिथून मात्र एकदाही पाहिलं नाही. ती उठली. मावशी "कोठी चालली?" म्हणेपर्यंत ती रांजणाला वळसा घालून खांबापलीकडं गेली. शंभर पागोटी वळली. पहिल्या ओळीत तिचा बाप. कोणाकडंही न पाहता तिनं पडद्याकडं पाहिलं.

नवरी डाव्या हाताला बसली होती. हिरो तिला घास भरवत होता, चांगला उजव्या हातानं. कापडातून आरपार जाताना बायांकडं डावं-उजवं उलटत होतं तर!

रुख्माला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि कुठलं आवरावं ते कळेना. नेमका तेव्हाच बायांकडून गलका झाला. बायांच्या मधोमध एक बाप्या उभा होता, आ वासून पडद्याकडं पाहत. धुरपतामावशी त्याला विंझण्यानं बडवत होती आणि तो म्हणत होता, "अवो मावशी, थांबा... उजव्याच हाताले आहे हो."

दोघं धावत निघाले ते रांजणापाशी आमनेसामने आले. हे असंच होणार हे तुम्हाला केव्हाच कळलं होतं ना? मग बसलात कशाला इथपर्यंत?

पडद्यावर अक्षरं आली, कंदील लागले, पण एक माणूस जागचा हलला नाही. पुरुष खांबाच्या त्या बाजूनं माना ताणून पाहत होते, बाया या बाजूनं. मुन्नालाल भोंगा हातात घेऊन गप्प उभा होता.

"तुमचं खरं होतं," रुख्मा म्हणाली.

"तुमचंबी." त्याला दम लागला होता. "अजून एक खरं सांगू? तुमाले मी पयल्याच दिवशी ओळखलं होतं. साक्षगंधाले तुमी नारळ घेतला, तवा मनगटावर भाजल्याचा डाग दिसला. तोच डाग लोटीच्या हातावर."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त तू पळाली असती." ‘तुमी’ जाऊन ‘तू’ कधी आलं ते त्याला कळलं नाही, तिला कळलं. "रुख्मा, तुह्या बाबाले माह्या बाबानं इचारलं. तुले कोनीच इचारलं नाई. म्हनून आता मी इचारून राहिलो. करशील माह्याशी लगन?"

बकाराम खाकरला. पण उठला नाही.

रुख्मानं खाली पाहिलं. तोच अंगठा, काळं नख आता निम्मं सरकलं होतं, खालून नवं कोवळं येत होतं. धावत येऊन ती जरा त्याच्या डाव्या अंगाला थांबली होती. तिनं पदर सावरला, सगळ्या गावादेखत त्याच्या पुढून चालत गेली आणि त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिली.

"बैशाखापर्यंत इकडं," ती म्हणाली. "मंग तिकडं."