ओढ टिकली तर पास

"अहो बाई, टाकीचं झाकण!"

पेट्रोलपंपातून बाहेर पडता पडता तिने करकचून ब्रेक दाबला. तेलकट शर्टातला एक मिस्त्री धावत आला. लोंबकळणारं झाकण त्याने बसवून फिरवलं... टक, टक, टक.

"असा आवाज आला की बसलं समजायचं. पिवळा दिवा लागलाय ना? पेट्रोलची वाफ कुठूनतरी निसटतेय, म्हणून तो. दोन-तीन दिवसांत गेला नाही तर या. कोपऱ्यावरच गॅरेज आहे माझं."

आणि तो हसला. खळी फक्त डाव्या गालावर.

देवा, दिवा जाऊ देऊ नकोस... असं मागणं कुणी मागतं का? तिने मागितलं.

दिवा गेला नाही. त्याने नवं झाकण लावलं, तरी नाही. झडप बदलली, तरी नाही.

"आल्या दिवेवाल्या बाई!" तो गाडीखालूनच ओरडायचा. "गाडी आजारी, आणि तुम्ही एवढ्या खुशीत?"

"मिस्त्री छान मिळालाय ना... बरं न करणारा!"

"टोमणा पोचला बरं का!"

ती हसायची आणि आतून खचत जायची. वडील गेल्यापासून घर रिकामं होत होतं. आईला घेऊन दूरच्या शहरात दादाकडे जायचं होतं, कायमचं. विकायची राहिली होती ती फक्त ही गाडी, आणि गिऱ्हाईकाने बजावलं होतं, दिव्याची भानगड मिटल्याशिवाय घेणार नाही. म्हणजे दिवा होता तोवरच ती इथे होती. यातलं मिस्त्रीला काहीच ठाऊक नव्हतं. सांगून तरी काय? आईला एकटं सोडता येत नव्हतं, आणि त्याच्या गॅरेजला काही चाकं नव्हती.

चौथ्या खेपेला त्याने टाकीच्या नळ्यांत यंत्राने पांढरा धूर सोडला. "धूर निघेल तिथे भेग," म्हणत तो पलीकडे वाकला. अलीकडे, मागच्या चाकावरच्या नळीतून, धुराची एक बारीक रेघ वर आली. तिला ती आधी दिसली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. एक क्षण... दोन...

"सापडली!" तो टाळी वाजवून ओरडला. तिला हसावंच लागलं.

नळी बदलल्यावर गाडी रात्रभर तिथेच गार होत राहिली. सकाळी दोघं पुढच्या सीटवर बसले. टाकी तपासणीला हवी तशी अर्धी भरलेली होती. त्याच्या मांडीवर तपासणीचं छोटं यंत्र होतं.

"आता गाडी स्वतःच स्वतःला तपासणार. सगळ्या वाटा बंद करून टाकीतली हवा खेचते, आत ओढ तयार करते. ओढ टिकली तर पास. ओसरली, तर अजून गळतंय."

"ओढ..." ती हळूच म्हणाली. "आणि बाहेरून कुणाला कळत नाही?"

"यंत्र लावलं तरच."

यंत्राच्या पडद्यावरची रेघ सरळ चालली होती.

"पास झाली की अकरा वाजता गाडी दुसऱ्याची. आणि दुपारी... मी चालले. आईला घेऊन दादाकडे."

"परत कधी?"

तिने नुसती नकाराची मान हलवली. त्याचा अंगठा यंत्रावर थबकला.

"काल धूर मला आधी दिसला होता," ती म्हणाली. "मी बोलले नाही."

त्याने यंत्रावरून नजर उचलली.

"जाणार आहात हे आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर दुरुस्त केली नसती?"

खोटं बोलला असता तर किती बरं झालं असतं! पण ते त्याला जमत नव्हतं, आणि म्हणूनच तर तिचा जीव...

"केली असती," तो म्हणाला. "वाफ पेट घेते हो. गळकी गाडी कुणाच्या हातात कशी देऊ?" मग त्याचा आवाज पार खोल गेला. "पण... हळू केली असती. खूप हळू."

पडद्यावर 'पास' उमटलं. तिने किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. त्याने किल्ली घेतली नाही, हातच धरला.

अकराला वीस मिनिटं कमी होती.