पाठ टेकून बसा, मास्तर

ठक… ठक… आणि मग भसकन काहीतरी कोसळल्याचा आवाज. त्यापाठोपाठ एक लांब सुस्कारा.

वरच्या मजल्यावर दाराचं माप घ्यायला निघालेली मिस्त्री जिन्यातच थबकली. वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकलेली आणि आता स्वतःच्या हिमतीवर कामं घेणारी ही मुलगी. गल्लीत सगळे तिला नुसतं 'मिस्त्री'च म्हणत. खिळा भिंतीत रुततोय की नाही, हे तिला आवाजावरून कळायचं. हा काही रुतत नव्हता. तिनं उघड्या दारातून डोकावलं.

अरुंद बोळकांडीत एक तरुण गुडघे टेकून बसला होता. हातात हातोडी, मांडीवर लाकडी पट्टी, आणि केसांत, पापण्यांवर, चष्म्यावर… भिंत.

"भिंतीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"मी अगदी हळू मारत होतो हो," तो चष्मा पुसत म्हणाला. "तीच फार मनाला लावून घेते."

हसू लपवायला तिला हातातल्या टेपकडे बघावं लागलं.

तो लहान मुलांचा मास्तर होता. त्याच्या मावशीनं तळमजल्यावरची ही जागा त्याला बालवर्गासाठी दिली होती. सोमवारी मुलं येणार होती आणि भिंतींच्या पायथ्याचा गिलावा पिठासारखा गळत होता. मुलं जमिनीवर बसणार, माती तोंडात घालणार. म्हणून भिंतीच्या तळाशी पट्टी लावायची, जिला स्कर्टिंग म्हणतात, असं त्यानं ठरवलं. पण प्रत्येक खिळ्याबरोबर भिंतच खाली येत होती.

"हातोडी द्या इकडे," ती म्हणाली. "आणि आता तिला हात लावायचा नाही."

दाराचं माप तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती येऊ लागली. आधी तिनं सुटलेला गिलावा पत्र्यानं खरवडून काढला, ब्रशनं धूळ झाडली, मग पातळ गोंदाचा एक हात दिला. "ही भिंत म्हातारी आहे. तिला ठोकून चालत नाही, चिकटून राहावं लागतं," ती म्हणाली आणि आपण काय बोललो ते कळून जरा लाल झाली. मास्तर मात्र मान खाली घालून गोंद ढवळत राहिला… गरजेपेक्षा बराच वेळ.

तोही काही ना काही सुचवायचा. "पट्टीची वरची कड गोल कराल? पळताना पडतात ती, डोक्याला लागतं." ती पॉलिश पेपरनं कड घासायची, तो डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "अजून थोडी." एरवी कुणी असं पुन्हा पुन्हा करायला लावलं असतं, तर तिनं सामान आवरलं असतं.

खोली झाली. शेवटी उरली ती बोळकांडी. इथं भिंतीला पोट आलेलं होतं. पट्टी लावली की टोकं उसळून बाहेर यायची. गोंद धरेपर्यंत कुणीतरी ती दाबून ठेवायला हवी होती.

"समोरच्या भिंतीवरून आडवी काठी टेकवली तर?" मास्तरनं विचारलं.

"ती भिंत याहून नाजूक. काठी आरपार जाईल. माणसाची पाठ रुंद असते, भार पसरतो. पाठ टेकून बसा, मास्तर. आणि पाय लावा पट्टीला."

मग दोघं समोरच्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसले, तळवे पट्टीवर रोवून. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्यानं तो अंगठा हळूच दुसऱ्या पायाखाली सरकवला.

"दिसला मला," ती म्हणाली.

"मिस्त्री, तुमच्यापासून काही लपत नाही."

"लपतं की. मी काय विचार करते ते तुम्हाला कुठं कळतं?"

"सांगा ना मग…"

बाहेर बारीक भुरभुर सुरू होती. दारातून ओल्या मातीचा आणि गोंदाचा वास एकत्र येत होता. सांगायला हवंच होतं. तिनं नजर पट्टीवरच ठेवली.

"मला मोठं काम मिळालंय. दुसऱ्या गावी. एका हॉटेलचे सगळे जिने माझ्याकडे… सहा महिने. परवा निघायचंय."

मास्तर ताडकन उठला. पट्टी सणकन उसळली, ओला गोंद पसरला आणि तळहाताएवढा पोपडा सुटून तिच्या मांडीवर पडला.

"पाय का काढलेत?" ती ओरडलीच.

"उभं राहावं लागलं," तो म्हणाला. "महत्त्वाचं बोलायचं असलं की मी मुलांनाही उभं करतो. बसून धीर होत नाही… ऐका. जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. ते जिने तुमचेच आहेत. फक्त… परत याल का? भिंतीसाठी नाही. माझ्यासाठी."

तिनं मांडीवरचा पोपडा बाजूला ठेवला. डबा उघडला, झटपट वाळणारं प्लास्टर कालवलं, भिंतीचं भोक भरलं, पट्टी पुसून नव्यानं गोंद लावला. तो तसाच उभा, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"आता बसा," ती म्हणाली. "जरा इकडे सरकून."

तो बसला. खांद्याला खांदा लागला. चार पावलं पट्टीवर एका ओळीत.

"तिथून रविवारी एक बस सुटते, इकडे येणारी," ती हळूच म्हणाली. "मी चौकशी केलीय. तुम्ही विचारण्याच्या आधीच."

त्यानं हात पुढे केला. तिनं गोंद लागलेली बोटं त्यात दिली. दोघांनाही सोडवायची घाई नव्हती.

बऱ्याच वेळानं मावशी खाली आली. "वाळलं का रे?"

"नाही," दोघं एकदमच म्हणाले.

मावशीनं वाकून पट्टीवर बोट दाबलं. पट्टी दगडासारखी घट्ट बसली होती. तिनं दोघांच्या हातांकडे पाहिलं, मग छताकडे.

"खरंच की, अजून ओलंच आहे," ती म्हणाली. "बसा निवांत. मी चहा टाकते."