डाव्या हातातला दोर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यात माझं पदरचं काही नाही. ओतिलिया माझी मावसबहीण. त्या दिवशी होडीत जे तिघं होते त्यांच्याकडून मी हे वेगवेगळं ऐकलंय, आणि तिघांच्या सांगण्यात तसूभर फरक नाही.

तीन वर्षांपूर्वीची ऑगस्टची एकोणीस तारीख. सकाळचे साडेनऊ. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आमचं गाव, पुंता सेनिसा. रात्र नव्हती, वादळ नव्हतं. धुकं होतं, आणि वारा अजिबात नव्हता.

मोटरपाशी रोसेंदोकाका. पाण्यात उतरायला ग्रिसेल्दा. आणि काठावर नळी धरून बसलेली ओतिलिया.

आमच्याकडे पाठीवर टाकी बांधून कुणी उतरत नाही. होडीतला कंप्रेसर लांब पिवळ्या नळीतून खाली हवा पाठवतो. वर बसणाऱ्याच्या उजव्या हातात ती नळी. खालून एक हिसका आला तर ठीक. दोन म्हणजे नळी आणखी सैल सोड. तीन म्हणजे मला वर ओढ.

धंद्याच्या दिवसांत डाव्या हातात आणखी एक दोर असतो. जाळीचा. पाणबुड्या खडकाला चिकटलेले अबुलोन, तळहाताएवढे शिंपले, काढून जाळीत भरतो. वर घेताना आधी जाळी, मग माणूस. उलट केलं तर दोर नळीत गुंततो. आमच्याकडे हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं.

त्या दिवशी मात्र जाळी नव्हती. ते राखीव पाणी. शिंपले संपत चालले, म्हणून गावानेच सभेत हात वर करून ते बंद केलं. दर ऑगस्टमध्ये गावातली माणसं आपणहून तिथे उतरतात, शिंपले मोजतात आणि एकही न उचलता वर येतात. पगार नाही. कॉफी आणि वाळवलेलं मांस भरलेल्या तोर्तिया मिळतात.

ओतिलिया पहिल्या वर्षापासून यायची. लोक म्हणायचे, भावासाठी येते.

तिचा भाऊ नाबोर तिथेच गेला होता. पाणी बंद व्हायच्या आदल्या दिवशी, या सकाळच्या सहा वर्षं आधी. नळी वर आली. नाबोर आला नाही. कधीच नाही.

तेव्हाही वर ओतिलियाच बसली होती. तिने सगळ्यांना सांगितलं, "हिसका आलाच नाही."

मग गाव म्हणालं, हावरट होता, शेवटचा दिवस म्हणून खालीच बसला. सभागृहाच्या भिंतीवर समुद्रात गेलेल्यांची नावं आहेत. नाबोरचं लावलं नाही. त्याची आई त्या भिंतीवरून जाताना मान खाली घालायची.

हिसके आले होते. तीन. पण जाळी भरलेली होती, आणि ओतिलियाने सवयीने आधी जाळी ओढली.

त्या दिवसापासून तिचा डावा हात बधिर झाला. मासे कापताना बोट कापलं तरी ओट्यावरचं रक्त बघून कळायचं. रडू आलं नाही, रागही नाही. सगळं कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं.

"ओती, झोपू नकोस हं," ग्रिसेल्दा उतरताना म्हणाली. "मागच्या वेळी नळी धरून घोरत होतीस."

"तू खाली शिंपल्यांशी गप्पा मारत बसतेस. मी काय करू?"

"ते तरी उत्तर देतात. तुझ्याशी बोलणं म्हणजे खडकाशी बोलणं."

"जा गं बाई लवकर," रोसेंदोकाका ओरडले. "धुकं वाढलं तर किनारा शोधता शोधता म्हातारा होईन मी."

"आता काय तरुण आहात होय!" म्हणत तिने उडी घेतली.

वीस मिनिटं सगळं ठीक होतं. एक हिसका. ठीक.

मग समुद्रपक्षी गप्प झाले...

कंप्रेसर चालू होता. तेवढाच आवाज.

आणि ओतिलियाच्या डाव्या हाताला... गार लागलं.

सहा वर्षांत त्या हाताला काही लागलं नव्हतं. तिने खाली पाहिलं. मुठीत ओला दोर होता. हातभर अंतरावर निळ्या चिंधीच्या गाठी. नाबोरच्या जाळीसाठी तिनेच बांधलेल्या. दोर ताठ होऊन सरळ पाण्यात गेलेला.

"काका, जाळी कुणी सोडली?"

"कसली जाळी? राखीव पाण्यात जाळी सोडली तर गाव उलटा टांगेल मला."

मग दोराला हिसका बसला...

एक.

दोन.

तीन.

तिला भीती वाटली नाही. डावा हात आपोआप ओढू लागला. दोर जड होता. एक गाठ वर आली. दुसरी. तिसरी. एकूण किती आहेत ते तिला पाठ होतं. शेवटच्या दोन उरल्या, आणि पाण्याखाली काहीतरी फिकट दिसू लागलं.

तेवढ्यात उजव्या हातातल्या नळीला...

तीन हिसके.

आधी जाळी, मग माणूस.

ओतिलियाने दोर सोडला आणि दोन्ही हातांनी नळी ओढली.

ग्रिसेल्दा वर आली तेव्हा तिचे ओठ राखेसारखे झाले होते. काकांनी तिला पालथं झोपवलं. ती ओकली, मग श्वास घेतला. वारा नसल्याने मोटरचा धूर होडीवरच साचून कंप्रेसरमध्ये शिरत होता. हवेबरोबर खाली तोच जात होता. आणखी मिनिटभर उशीर झाला असता तर ती हाती लागली नसती.

तासाभराने, किनाऱ्यावर, ती बोलली.

"मी एकच हिसका दिला, ओती. मग हातच उचलेना."

"तीन आले."

"मी नाही दिले. माझ्या हाताच्या वर नळी कुणीतरी धरली होती... मला बोटं दिसली."

काकांनी होडी पालथी घालून पाहिली. दोर नव्हता. ओतिलियाच्या डाव्या तळव्याची साल मात्र निघाली होती, आणि त्यात निळा धागा अडकला होता.

त्याच संध्याकाळी ती सभेत उभी राहिली. "तीन हिसके आले होते. मी जाळी ओढली." एवढंच बोलून खाली बसली. आठवड्याने नाबोरचं नाव भिंतीवर लागलं.

नाव लागलं त्या दिवशी घरी आई घेवड्याचे दाणे निवडत होती, आणि ओतिलियाने तिला होडीत हाती आलेल्या दोराचं सांगितलं. ओरडली नाही. तिने एकच विचारलं.

"दोर किती वर आला होता?"

"दोन गाठी राहिल्या होत्या."

आईचे हात थांबले.

"मग सोडलास कशाला?"

"ग्रिसेल्दा मेली असती, आई."

"हो," आई म्हणाली. "हो, बरोबरच केलंस. पण भिंतीवरचं नाव घेऊन मी काय करू? माझा पोरगा अजून खालीच आहे ना."

आणि ती पुन्हा दाणे निवडू लागली.

ओतिलिया अजूनही दर ऑगस्टला जाते. उजव्या हातात नळी. डावा तळवा होडीबाहेर, उघडा. दोर पुन्हा आलेला नाही. हात पुन्हा बधिर झालाय.

गेल्या रविवारी चर्चमध्ये मी तिच्या डावीकडे उभी होते. प्रार्थनेला सगळ्यांनी शेजारच्याचे हात धरले. तिचा हात गार होता, अगदी स्थिर. ती समोर बघत होती. तिला काही जाणवत नव्हतं.

मला जाणवलं...

तिच्या हाताच्या पार पलीकडून, फार खोलातून आल्यासारखे हिसके. एक. दोन. तीन.

मी घाबरून हात सोडला.

मीसुद्धा सोडला.