डाव्या हाताचा

टोप डोक्यावर चढवण्याआधी द्वारकाबाईंनी अंबाड्यातलं शेवंतीचं फूल काढून ओटीत ठेवलं. "कुंकू नाही ना पुसणार याच्यानं?"

"नाही पुसत, मावशी," डॉ. इरावती भामरे म्हणाली. "डोळे मिटा आणि त्या सकाळी नदीवर चला. बोलायचं काही नाही. नुसतं आठवा."

"न बोलता साक्ष? बरं आहे व माय! आमच्या ह्यांना असला एक टोप घरीच घेऊन द्या."

कोर्टाच्या मागच्या खोलीत हशा पिकला. दारातला हवालदारही हसला. मग दिवे मंद झाले आणि भिंतीवरच्या पडद्यात पाणी हलू लागलं.

यंत्राचं कागदोपत्री नाव होतं स्मृतिदर्शक. लोक त्याला आरसा म्हणत. माणूस काही आठवतो तेव्हा मेंदूचा पाहणारा-ऐकणारा भाग पुन्हा उजळतो, जणू ते दृश्य परत समोर आलं आहे. टोपातले संवेदक तो उजेड टिपत, आणि यंत्र त्यातून चित्र विणत जाई, बारीकसारीक आवाजांसकट. इरावतीने उमेदीची सगळी वर्षं त्यात घातली होती. माणूस खोटं बोलू शकतो, पण खोटं आठवू शकत नाही, असं तिनेच कायद्याच्या समितीपुढे ठासून सांगितलं होतं. त्यानंतरच आरशाची साक्ष कोर्टात ग्राह्य धरली जाऊ लागली.

पडद्यावर निंबवेल गावचा घाट उमटला. श्रावणातला सोमवार, कानबाई देवीच्या विसर्जनाची सकाळ. बायकांच्या डोक्यावर सजवलेल्या कानबाया, मागे ताशा, आणि पायऱ्यांवर हात जोडून उभे आमदार विश्वासराव निकुंभ. सगळ्या गावाचे भाऊ. धरणाचं पाणी कारखान्यांकडे वळू देणार नाही, असं त्यांनी आदल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. गर्दीतून फुलांची परडी पुढे आली. परडीखालून एक हात निघाला. डावा. अंगठ्याच्या मुळाशी काचेने चिरलेली चंद्रकोर. गोळीचा आवाज झाला, आणि भाऊंचा पांढरा सदरा लाल होत पाण्यावर पसरला.

हात ठसठशीत होता. ज्याचा हात, त्याचा चेहरा मात्र नुसतं धुकं.

"अठरा बायका आणि एकच हात," सरकारी वकील सोनवणे म्हणाले. "मॅडम, तुमच्या आरशाला नमस्कार."

तो हात निंबवेलमध्ये कुणीही ओळखला असता. सुपडू कासाराचा. पंचक्रोशीत डावखुरा कासार तो एकच. त्याचं म्हणणं एवढंच, की त्या सकाळी तो तापाने घरी पडून होता. बायको वारलेली, लेक सासरी, आणि सारं गाव नदीवर. त्याला अंथरुणात पाहिलेलं माणूस नव्हतं. निकाल तोंडावर आला होता आणि सोनवणे फाशी मागणार होते.

टोप काढला तेव्हा द्वारकाबाईंचे डोळे भरले होते. पदराने ते टिपता टिपता त्या आपल्याशीच गुणगुणल्या:

*नदीच्या काठाला भाऊ उभा गं राहिला,*
*डाव्या हाताच्यानं त्याला काळ फुलात वाहिला.*

इरावतीचा हात टोपावरच थांबला. "हे काय म्हणताय?"

"भाऊंचं गाणं. आमच्या गिरजाबाईनं बांधलं. भाऊंच्या तेराव्याला म्हटलं, तेव्हापासून निंदणीला म्हणतो, गिरणीत म्हणतो. आता तर पोरींच्या मोबाइलवर पण वाजतं."

तेराव्याला. आणि आरशातली पहिली साक्ष झाली होती दिवाळीनंतर.

दुपारभर इरावतीने अठराही आठवणी पुन्हा पाहिल्या. या वेळी हात पाहायचा नाही, हात कुठून दिसतो ते पाहायचं, असं तिने ठरवलं. द्वारकाबाई वडाखाली उभ्या होत्या, कुणी वरच्या पायरीवर, कुणी गुडघाभर पाण्यात. घाट प्रत्येकीला आपापल्या जागेवरून दिसत होता, जसा दिसायला हवा तसाच. फक्त हात येताच चित्र झटकन जवळ सरके. वीतभर अंतरावर तळवा, पाहणारीकडे वळलेला, अंगठा वर, बोटं किंचित मिटलेली. अठराही जणींना तसाच.

पिस्तूल धरणारा हात असा कुणाला दिसेल? ज्याच्यावर ते रोखलंय त्याला दिसेल एक वेळ. वडाखालून कसा दिसेल?

तिने ताशाचा आवाज खाली ओढला, बायकांचं गाणं खाली ओढलं. गोळीच्या अगदी आधी, शांततेच्या तळाशी, काहीतरी वाजत होतं. किणकिण. काच काचेला लागावी तशी हलकी, लाडिक किणकिण.

बांगड्यांची. सणाच्या आदल्या दिवशी गावातली प्रत्येक बाई सुपडूसमोर मांडी घालून बसली होती. त्याने उजव्या हाताने तिचा पंजा दाबून धरला होता आणि डाव्याने, वीतभर अंतरावरून, हिरवा चुडा भरला होता.

दुसऱ्या दिवशी ती निंबवेलला गिरजाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. म्हातारी शेंगा फोडत होती.

"आजी, मारेकरी डावखुरा होता, हे तुम्ही पाहिलंत?"

"मी कशाची पाहते? माझ्या डोक्यावर कानबाई होती. मान वर करायला नको."

"मग गाण्यात डाव्या हाताचा कसा आला?"

गिरजाबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीला कुणी काही शिकवलंच नाही. "अगं, देवाच्या दारात मुडदा पाडणारा माणूस! त्याला उजव्या हाताचा म्हणू? डाव्या हाताचा म्हणजे अभद्र. डाव्या हातानं कुणी फूल वाहतं का? त्याचा खरा हात कोणता, ते त्याला अन् कानबाईला ठाऊक."

"आणि आता डोळे मिटले तर कोणता दिसतो?"

म्हातारीने डोळे मिटले. शेंग बोटांत तशीच राहिली. ती म्हणाली, "डावाच की गं." आवाज बारीक झाला होता. "अंगठ्यावर चंद्रकोर आहे. अगं माय… हा तर आपला सुपडू."

गाण्याने बायकांना डावा हात दिला होता. पण आठवणीला नुसता शब्द पुरत नाही, तिला कातडी लागते, नखं लागतात. बायकांच्या मनात डावा हात एकच होता. तोच येऊन बसला.

हे कोर्टाला पटवायचं म्हणजे आपल्याच आरशावर दगड मारायचा होता. सोनवणे चिडलेच. "सगळ्यांना एकच भ्रम होतो? मॅडम, दंतकथा सांगू नका."

"मी सांगणार नाही," इरावती म्हणाली. "दाखवते."

निकालाच्या दिवशी भर कोर्टात तिने टोप स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि डोळे मिटले. पडद्यावर घाट आला. ताशा आला, परडी आली. परडीखालून डावा हात आला, चंद्रकोरीसह. काच किणकिणली. भाऊ पडले.

"त्या सकाळी मी पुण्यात वर्गावर शिकवत होते," टोप काढत ती म्हणाली. "निंबवेल तर मी परवा पहिल्यांदा पाहिलं. मी फक्त गाणं ऐकलंय आणि या अठरा जणींच्या आठवणी पाहिल्यात. आरसा खोटं दाखवत नाही. आठवण जशी झाली आहे तशी दाखवतो. ती कशाची झाली आहे, ते त्याला कळत नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सुपडू सुटला.

खरा मारेकरी कोण, हा प्रश्न तसाच राहिला. त्याला पाहिलेले डोळे गावात होते, पण त्या डोळ्यांमागे आता तो उरला नव्हता.

पुन्हा श्रावण आला. कानबाईच्या आदल्या दिवशी इरावती मुद्दाम निंबवेलला गेली. सुपडूने दुकान उघडलं होतं. हिरव्या, पिवळ्या बांगड्यांच्या माळा उन्हात लखलखत होत्या. बायका समोरून जात. "येते रे सुपडूदादा, घरी पाहुणे आहेत," म्हणत आणि नाक्यावरच्या दुकानात आयत्या बांगड्या घ्यायला वळत. द्वारकाबाईंनी तर इरावतीलाही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

शेवटी गिरजाबाई आली. खाली बसली आणि सुरकुतलेला हात पुढे केला. "भर. तूच भर."

सुपडूने उजव्या हाताने तिचा पंजा धरला. डावा हात बांगडी घेऊन जवळ येऊ लागला, तळवा तिच्याकडे, अंगठा वर. काच किणकिणली. म्हातारीच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि तिचा हात आपोआप मागे गेला.

"तू नव्हतास रे बाबा, मला कळतं," ती रडत म्हणाली. "पण या हाताला कसं कळावं?"

ती गेली. सुपडू बांगडी तशीच धरून बसला. मग त्याने इरावतीला जवळ बोलावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टरताई, एक विचारू? रागवू नका. तुरुंगात पोरं ते गाणं म्हणायची. कोर्टात ते चित्र किती वेळा दाखवलं." त्याने डावा तळवा उलटा करून पाहिला. "त्या दिवशीचा ताप आठवायला जातो, तर गोधडी आठवत नाही मला आता. घाट आठवतो. ओल्या पायऱ्या आठवतात. परडीतली फुलं कोणती होती तेसुद्धा आठवतं. परडीखाली हाताला गार लोखंड लागतं."

"दादा, ती तुमची आठवण नाही."

"हो ना. तुम्ही म्हणता तर नसेल." तो हसायला गेला, पण ओठ नुसतेच हलले. नदीकडून ताशाचा सराव ऐकू येत होता. बायकांनी गाणं उचललं होतं, तेच.

"पण ताई, मी तिथं नव्हतो, हे कुणाच्या तरी आठवणीत शिल्लक आहे का?"